अडल्या कुटुंबास वेळेवर मदत



अडलेल्या कुटुंबास मदत केव्हां द्यावी, याचा विचार यहुदी समाजानें फार पूर्वीं केला आहे. सुमारें १८०० वर्षांपूर्वीं संकलित झालेल्या त्यांच्या मिश्ना ग्रंथांत दोन सोयी सांगितल्या आहेत : रोजच्या अन्नाचें ताट आणि आठवड्याची धर्मपेटी. ज्याच्या घरीं दोन जेवणांपुरतें अन्न आहे त्यानें ताटांतून घेऊं नये. ज्याच्या घरीं चौदा जेवणांपुरतें आहे त्यानें पेटींतून घेऊं नये. म्हणजे आज चूल पेटली असली तरी आठवडा निभण्याजोगें नसेल, तर पेटी उघडते! आपण मात्र बहुधा बैल व भांडीं विकलीं जाईपर्यंत वाट पाहतों. पेटीची वर्गणी दोघांनीं जमवावी व वांटणी तिघांनीं करावी, असाही नियम आहे. तो समित्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

बाराव्या शतकांतील पंडित मैमोनिडीस यानें दानाच्या आठ पायऱ्या लाविल्या. कर्ज, भागी अगर काम देऊन मनुष्यास हात पसरूं न देणें, ही त्यांतील सर्वांत वरची. न्यूयॉर्कमध्यें १८९२ सालीं अवघ्या ९५ डॉलरांवर बिनव्याजी कर्ज देणारी यहुदी संस्था निघाली, ती याच वाटेनें. गहाण कांहीं नाहीं, जामीन मात्र हवा. फेडलेला पैसा पुढच्या गरजूच्या घरीं जातो. संस्था आजही चालू आहे.

आपल्या वर्गणीचा कांहीं भाग अशा उसनवारीसाठीं राखून ठेवावा, आणि घेणाऱ्यांचीं नांवें अहवालांत छापूं नयेत, एवढी माझी विनंती आहे.