जाड चाकांची विजेची सायकल

सायकल विकत घ्यायची म्हणजे पूर्वी फारसा विचार करावा लागत नसे. दुकानदार मागचे चाक उचलून गरकन फिरवून दाखवी, आपण ब्रेक दाबून आणि घंटी वाजवून पाहत असू, आणि कॅरिअर फुकट द्यायचे की नाही यावर अर्धा तास घासाघीस चाले. आता सायकलीला मोटर आली आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला वॉट, व्होल्ट आणि अँपिअर यांची भाषा शिकण्याची पाळी आली. ही भाषा येत नसली तर काय होते, हे मला गेल्या श्रावणात जवळून पाहायला मिळाले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा पुतण्या मावळात राहतो. पवना धरणाच्या बाजूचे त्याचे गाव. तिथून पहाटे कामशेत स्टेशन गाठायचे आणि लोकलने तळेगावला कारखान्यात जायचे, हा त्याचा रोजचा क्रम. घर ते स्टेशन हे अंतर ११ किलोमीटर. त्यांत पहिले ३ किलोमीटर मुरमाची गाडीवाट, मग दीड किलोमीटरचा चढ, पलीकडे तेवढाच उतार आणि उरलेला ५ किलोमीटर बरा डांबरी रस्ता. भिशीचे पैसे हाती येताच त्याने एक विजेची सायकल हेरली आणि पाच हजार रुपये विसार देऊन मला फोन केला, "काका, तुम्ही एकदा चालवून बघा आणि सांगा, घेऊ का?" विसार आधी आणि सल्ला मागाहून, ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे!

सायकल दिसायला मोठी रुबाबदार. परदेशी भाग आणून इथे जुळवलेली. मागच्या चाकाच्या हबमध्ये ७५० वॉटची मोटर, ४८ व्होल्ट आणि १५ अँपिअर-तासांची बॅटरी, चार-चार इंच रुंदीचे टायर आणि वजन ३३ किलो. पायडल मारले की मोटर मदत करते. पायडल मारायचे नसले तर हँडलावरची मूठ पिळायची, की सायकल स्कूटरसारखी पळते. विकणाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, "सर, वेगाची लिमिट काढून दिली आहे. चाळीसला जाते." हे ते असे सांगत होते, की जणू दुधात पाणी नाही हे सांगत आहेत.

मी अर्थशास्त्र शिकवतो. मोटर हा माझा विषय नव्हे. म्हणून पुढे जे हिशेब येतील ते आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतले आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम चाकांविषयी. हे जाड टायर अलास्कातल्या बर्फावर आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत सायकल चालवणाऱ्या हौशी लोकांच्या खटपटीतून आले. २००५ साली एका अमेरिकन कंपनीने अशी सायकल सरसकट बाजारात आणली आणि मग ती जगभर पसरली. त्यातली युक्ती साधी आहे. टायर रुंद केला आणि त्यात हवा कमी ठेवली, की तो जमिनीवर पसरतो, भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि चाक रुतत नाही. साध्या सायकलीच्या टायरात ५०-६० पौंड हवा लागते. इथे डांबरावर २० पौंड पुरतात, आणि वाळूत किंवा मऊ मातीत तर ८-१० पौंडांवर आणावी लागते. मुरमाच्या गाडीवाटेवर या टायरांनी मला खरोखर सुख दिले. जिथे माझी जुनी सायकल दात खिळखिळे करी, तिथे ही गादीवरून चालल्यासारखी गेली. सुटा मुरूम, गोटे, बैलगाडीची चाकोरी, कशाचीही तिने फिकीर केली नाही. चांगले ते चांगलेच म्हटले पाहिजे.

परंतु "कुठल्याही भूमीवर" हे जे शब्द तिच्या दांडीवर रंगवले होते, त्यात भाताच्या खाचरांची भूमी बहुधा धरलेली नसावी. बांधाशेजारच्या चिखलातून पन्नास पावले गेलो असेन नसेन, तो तो चिवट काळा चिखल टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये ठासून बसला आणि चाक जागच्या जागी थांबले. मोटर कुरकुरू लागली. पुतण्या आणि मी, दोघांनी मिळून ती बांधावर उचलून ठेवली. ३३ किलो म्हणजे किती, हे तेव्हा नीट कळले.

आता चढ. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, कारण चढासाठीच तर पुतण्याला मोटर हवी होती. दीड किलोमीटरात रस्ता सुमारे १२० मीटर वर जातो, म्हणजे शंभराला आठ असा चढ. माझे वजन ६८ किलो, सायकल ३३, पाठीवरची पिशवी ५. एकूण १०६ किलो. रस्ता उखडलेला, वळणे आंधळी, आणि म्हशी तर वाटेच्या मालकच. त्यामुळे ताशी १५ किलोमीटरपेक्षा जोरात जाण्याची सोयच नव्हती. या वेगाने एवढे वजन वर न्यायला चाकाशी साधारण ४४० वॉट शक्ती लागते. त्यांतले १०० वॉट माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे पाय देऊ शकतात. उरले ३४०. म्हणजे ७५० वॉटच्या त्या मोटरचे निम्मे बळसुद्धा कामी आले नाही!

मग तोच हिशेब मी उलट करून पाहिला. मोटर २५० वॉटची असती आणि माझे पाय तेच १०० वॉट देत राहिले असते, तर काय झाले असते? तर तोच चढ मी ताशी १२ किलोमीटरने चढलो असतो. मोठ्या मोटरने चढाला लागली सहा मिनिटे. लहानीने लागली असती साडेसात. फरक दीड मिनिटाचा. आणि मोटर मुळीच नसती तर वेग साडेतीनवर येतो. तेव्हा उतरून सायकल ढकलत नेणे बरे. पाहा, मोटर असणे आणि नसणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण लहान मोटर आणि मोठी मोटर यांत फारसे नाही. जाहिरात बोलते ती मात्र या दुसऱ्याच अंतराविषयी.

हा ७५०चा आकडा तरी आला कुठून? चढाच्या हिशेबातून तो आलेला नाही. अमेरिकेत २००२ साली कायदा झाला, की ७५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी वेग असेल तर ती सायकल समजावी. तेथील कारखानदार त्या मर्यादेच्या टोकाशी जाऊन बसले. युरोपातील मर्यादा २५० वॉटची, म्हणून तिथल्या सायकली २५०च्या. आपल्याकडे काय? केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांत पुढे घातलेल्या तरतुदीप्रमाणे ज्या बॅटरीच्या गाडीची अर्धा तास टिकणारी शक्ती पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि जिला मान्य संस्थेचा तपासणीचा दाखला आहे, तीच मोटर वाहनांतून वगळली आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, तिथे अशा तपासण्या होतात. बाकी सारी विजेची वाहने म्हणजे मोटर वाहने. त्यांना नोंदणी हवी, नंबर हवा, चालवणाऱ्याला परवाना हवा, विमा हवा. पुतण्याच्या सायकलीला यांतले काही नव्हते आणि मिळण्यासारखेही नव्हते. ती पायडले लावलेली बिननंबरी मोटरसायकल होती, झाले!

"पोलीस कशाला धरतोय काका, सायकल तर आहे," असे पुतण्या म्हणाला. पोलीस न धरो. पण समजा, पहाटेच्या अंधारात एखादी म्हातारी आडवी आली. विमा नसलेल्या मोटर वाहनाचा अपघात म्हणजे नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून. याचा खिसा केवढा, हे मला ठाऊक आहे. दोन गुंठ्यांवर पाणी सोडायची वेळ येईल, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

ब्रेकची गोष्टही यातच येते. चाळीसच्या वेगातली सायकल थांबवायला पंचवीसच्या वेगातल्या सायकलीपेक्षा अडीच पट काम ब्रेकला पडते, कारण वेगाचा हिशेब वर्गाने वाढतो. या सायकलीला तबकडीचे ब्रेक होते खरे, पण तारेने ओढायचे. उतरताना मी ते सारखे दाबून धरले. तळाशी पोचलो तेव्हा जळका वास येत होता आणि मागची मूठ हँडलाला टेकत होती. उतरताना मोटरने उलट वीज बनवून ब्रेकला हातभार लावावा, ही अपेक्षा इथे फोल आहे. या जातीच्या गियरवाल्या हब-मोटरीत आत फ्रीव्हील असते. चाक पुढे पळते आणि मोटर स्वस्थ बसते. एवढ्या वजनाला तेलाच्या दाबाचे ब्रेक पाहिजेत. मोटरवर पैसा ओतायचा आणि ब्रेकवर वाचवायचा, हा कारखानदारीतला जुनाच अधर्म आहे.

बॅटरीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२० वॉट-तास. पायडल मारत जाऊन-येऊन २२ किलोमीटर झाले, त्यात निम्म्याहून थोडी अधिक उतरली. जाहिरातीतले ८० किलोमीटर सोडा. ४० धरून चाला. परत भरायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते. पेट्रोल भरणाऱ्या माणसाला हा आकडा स्वप्नासारखा वाटेल. फक्त भरण्याची काळजी घ्यावी. लिथियमची बॅटरी एकदा पेटली की विझवणे कठीण. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे दगावली. त्याच वर्षी तिथे तपासणीचा शिक्का नसलेल्या विजेच्या सायकली विकण्यास बंदी झाली. आपल्या बॅटरीवर शिक्का नव्हता, चार्जर दुसऱ्याच कंपनीचा होता, आणि पुतण्या ती रात्रभर स्वयंपाकघरात, पेंढ्याच्या माळ्याखाली भरणार होता. मी ते आधी बंद करवले.

परतीच्या वाटेवर बाभळीचा काटा लागला. पंक्चरवाल्याने चाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "सर, हे सायकलचं चाक आहे का ट्रॅक्टरचं पिल्लू?" चार इंची ट्यूब त्याच्याकडे नव्हती. मागचे चाक काढायचे तर मोटरची वायर सोडवावी लागते, त्याला तो हात लावीना. शेवटी चाक जागेवर ठेवूनच ट्यूबचा तेवढा भाग बाहेर ओढून ठिगळ लावले. तासभर गेला. पहाटे असा काटा लागला तर लोकल गेली आणि पाळीही गेली.

रात्री ओसरीवर आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. गाडीवाटेवर दोन्ही सायकलींना वेळ सारखाच, दहा मिनिटे. उतारावरही सारखाच. चढावर मोठी मोटर दीड मिनिट वाचवते. डांबरी ५ किलोमीटरांवर चाळीसने साडेसात मिनिटे लागतात, पंचवीसने बारा. एकूण बचत सहा मिनिटांची.

"आणि सहा मिनिटांसाठी लाखाच्या वर?" पुतण्याच्या आईने आतून विचारले.

पुतण्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. पहाटेची सहा मिनिटे ही काय चीज आहे, हे पाळीवर जाणाऱ्यालाच माहीत. पण मग चाळीसचा वेग हवाच असेल तर नोंदणीची, नंबरची विजेची स्कूटर किंवा साधी मोटरसायकल त्याच पैशात येते, आणि तिचे पंक्चर कोणीही काढतो. परवाना तेवढा काढावा लागेल. सायकलच हवी असेल तर दाखला असलेली, पाव किलोवॉटच्या आतली, अडीच इंची टायरांची आणि तेलाच्या ब्रेकची पाहावी. जमले तर मोटर हबऐवजी पायडलांपाशी असलेली, म्हणजे चढावर गियरचा फायदा मोटरलाही मिळतो. ती महाग पडते, हेही मी त्याला सांगितले.

रविवारी आम्ही दोघे विसार परत मागायला गेलो. त्या गृहस्थांनी बरीच कुरकुर केली आणि पाचांपैकी चार हजार परत दिले. एक हजार कापल्याबद्दल पुतण्या वाटभर हळहळत होता. कामशेतला उतरल्यावर मात्र त्याने परवान्याच्या फॉर्मला कोणकोणते कागद लागतात, ते मला विचारले.