हात मोकळे असू द्या

(हातखंबा येथे, सह्याद्रीतील दोन दिवसांच्या पदभ्रमणास निघणाऱ्या तरुण-तरुणींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हातखंब्याच्या माणसाला प्रवासाविषयी सांगावयाचे म्हणजे खाडीकाठच्या मुलाला पोहणे शिकविण्यासारखे आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता आपल्या या तिठ्यावर एकत्र येतात. येथे कित्येकांना गाडी बदलावी लागते. गणपतीला येणारा चाकरमानी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, लेकीच्या घरी जाणारी आजी, सर्वजण येथे घटकाभर थांबतात. त्यांपैकी कोण सुखाने प्रवास करीत आहे, हे त्यांच्या सामानाकडे पाहून तुम्हांला ओळखता येईल.

पूर्वीचा प्रवासी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन निघत असे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतर अनेक वर्षे एस.टी.च्या टपावर सामान चढविले जाई. गाडीच्या मागे त्यासाठी लोखंडी शिडी असे. ओझे टपावर आणि माणूस आत, अशी ती वाटणी होती. आता ती शिडी गेली. ट्रंकेची जागा पाठीवरच्या पिशवीने, तुमच्या भाषेत सॅकने, घेतली. ओझे वाहणारा टप आता आपली स्वतःची पाठ आहे, आणि म्हणून ते ओझे किती असावे याचा विचार आपणच केला पाहिजे.

या विषयाचे महत्त्व मला कसे कळले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी भर पावसात मी वृद्ध वडिलांना घेऊन याच तिठ्यावर गाडीतून उतरलो. पाठीवर एक भली मोठी सॅक, दोन्ही हातांत दोन पिशव्या. मी आधी उतरलो, वडील मागून उतरू लागले. ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, पण तो धरावयास माझा एकही हात रिकामा नव्हता. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. दोष गाडीचा नव्हता, पावसाचाही नव्हता. तो माझा होता. घरी येऊन सॅक उपसली तेव्हा त्यातील निम्म्या वस्तूंची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ज्या वस्तूंनी माझे हात अडविले होते, त्यांची मला गरजच पडली नव्हती.

आता पिशवीच्या आकाराकडे वळू. दुकानात सॅकचे माप लिटरमध्ये सांगतात. दहा सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच जागा म्हणजे एक लिटर. पन्नास सेंटिमीटर उंच, तीस रुंद आणि वीस जाड अशी पिशवी तीस लिटरची झाली. साधी मोजपट्टी घेऊन हा हिशेब कोणालाही करता येतो. एका दिवसाच्या भटकंतीस वीस ते तीस लिटर पुरेत. दोन-तीन दिवसांसाठी, अंथरूण-पांघरूण धरून, चाळीस ते पन्नास लिटर पुष्कळ झाले. साठ-सत्तर लिटरची सॅक तंबू, दोर आणि अनेक दिवसांचा शिधा नेणाऱ्या गिर्यारोहकांसाठी असते. ‘मोठी घेऊ, कधी तरी उपयोगी पडेल’ असे म्हणू नका. रिकामी जागा माणसाला पाहवत नाही. पिशवी जेवढी मोठी, तेवढी ती भरली जातेच.

दुसरे माप आपल्या शरीराचे. दिवसभराच्या चालीत पाठीवरचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावे, आणि मुक्कामाच्या पदभ्रमणात ते पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. पन्नास किलो वजनाच्या तरुणाने दहा किलोंवर थांबावे. यात पाणीही आले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन लिटर पाणी घेतले की उरले सात किलो, आणि खुद्द सॅकचे वजनही त्यातच धरावयाचे.

सॅक घेताना तिची उंची नव्हे, तर आपल्या पाठीची लांबी पाहावी. मान पुढे वाकविली असता तिच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्या मापाला बसणारी सॅक निवडावी. मोठ्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असलाच पाहिजे. तो आवळला म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर व पायांवर उतरतो. जड वस्तू मध्यभागी, पाठीला लागून ठेवाव्या. हलक्या वस्तू तळाशी आणि बाहेरच्या बाजूस. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की ती माणसाला मागे ओढते आणि तोल सांभाळण्यासाठी त्याला पुढे वाकून चालावे लागते. प्रचितगडासारख्या उभ्या चढणीवर हा तोल आणि मोकळे हात, दोन्ही लागतात.

आता काय घ्यावे? अंगावर एक कपड्यांचा जोड, पिशवीत एक. रात्रीसाठी एक उबदार कपडा, मोज्यांचा जादा जोड, विजेरी, पाणी, कोरडा खाऊ, नेहमीची औषधे, थोडी मलमपट्टी, ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे. पातेले, काडेपेटी, दोरी या वस्तू प्रत्येकाने न घेता गटात वाटून घ्याव्या. आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या वर पडतो. तेव्हा नुसत्या बाहेरच्या आच्छादनावर विसंबू नका. सॅकच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तीत सामान भरा. भिजलेले कपडे हे दुप्पट ओझे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व सामान सतरंजीवर मांडा आणि प्रत्येक वस्तूला विचारा, ‘तुझ्यावाचून माझे अडेल काय?’ परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी करा. औषध आणि विजेरी वगळता त्या यादीतील वस्तू पुढच्या वेळी घरीच राहू द्या.

येथे कोणी म्हणेल, ‘आई बांधून देते त्याचे काय?’ कोकणातून मुंबईला निघालेल्या मुलाच्या पिशवीत आईने घातलेली आमसुले, पोहे, कुळथाचे पीठ आणि एखादा फणस असतो. ते ओझे केवळ किलोत मोजता येत नाही, आणि ते टाकून द्या असे सांगावयास मी येथे आलेलो नाही. उलट त्यासाठीच इतर पसारा कमी करावा असे माझे म्हणणे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले. बंडाच्या धामधुमीत ते लुटले गेले. परंतु परत येताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून आणली. कोणते ओझे वाहावयाचे हे त्यांनी ठरविले होते. आपणही ते ठरवावे, एवढेच.

एक शब्द पालक व शिक्षकांसाठी. ओझ्याचा प्रश्न पदभ्रमणापुरता नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली शालेय शिक्षणातील ओझ्याचा विचार शासनापुढे मांडला. महाराष्ट्र शासनाने 2015 साली निर्णय काढून दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरविले. तीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो, हा त्याचा अर्थ. निर्णय कागदावर झाला. तो मुलाच्या पाठीपर्यंत पोहोचविण्यासाठी घरातला वजनकाटा पुरेसा आहे. रोज रात्री वेळापत्रक पाहून दप्तर भरण्याची सवय लागली, तर तेच मूल उद्या सॅकही नीट भरील.

गाडगेबाबा गावोगाव फिरले ते एक खराटा आणि एक गाडगे घेऊन. तितके थोडके सामान आपल्याला साधणार नाही. पण गाडीतून उतरणाऱ्या वृद्धाला आधार द्यावयास, चढणीवर मागच्या सोबत्याला वर ओढून घ्यावयास एक हात रिकामा ठेवणे आपल्याला खचित साधेल. तुमच्या गावाच्या नावातच ‘हात’ आहे. तो मोकळा असू द्या.