भाषेचा पेपर



या व्याख्यानमालेत विद्वान येतात, प्राध्यापक येतात. आज आपण कामगार चळवळीतला एक कार्यकर्ता उभा केला आहे, आणि त्याला विषय दिला आहे तो पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षांतील भाषेच्या पेपराचा. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. ज्याने ही परीक्षा कधी दिली नाही त्याने तिच्यावर बोलावे, हे धारिष्ट्याचेच म्हटले पाहिजे. तरीही मी होकार दिला. कारण या पेपरात जे करावयास सांगतात, ते काम मी गेली तीस वर्षे करीत आलो आहे. परक्या भाषेतला कागद थोडक्या वेळात वाचायचा, आणि त्यात जेवढे लिहिले आहे तेवढेच, कमी नाही आणि जास्त नाही, समजून घ्यायचे.

आपल्याकडचा मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते, हिशेबात बरी असते. पण परीक्षेत 'व्हर्बल' म्हणून एक भाग आहे आणि तो इंग्रजीत आहे हे कळले, की अर्जच भरला जात नाही. परीक्षेत नापास होणाऱ्यांची गणती होते. घाबरून घरी बसलेल्यांची कोण करणार? माझे आजचे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

प्रथम या परीक्षेचे स्वरूप पाहू. आय.आय.एम. संस्थांच्या 'कॅट' परीक्षेत २०२१पासून भाषेच्या विभागात २४ प्रश्न असतात आणि वेळ ४० मिनिटे. त्यातले बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर असतात. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नात उत्तर चुकले तर एक गुण कापतात. आपल्या राज्याच्या एम.बी.ए. सीईटीत अलीकडच्या वर्षांत २०० प्रश्नांना १५० मिनिटे मिळतात. त्यात भाषेचे प्रश्न ५०, आणि चुकीबद्दल गुणकपात नाही. अमेरिकेत पुढे शिकू पाहणाऱ्यांची जी.आर.ई. आहे. तिचा भाषाविभाग सप्टेंबर २०२३पासून २७ प्रश्नांचा आणि ४१ मिनिटांचा झाला आहे. तेथेही चुकीला दंड नाही. म्हणजे एके ठिकाणी अंदाजाने टाकलेला खडा अंगावर येतो, तर दुसरीकडे उत्तर कोरे ठेवणे हाच मूर्खपणा ठरतो. फॉर्म भरण्याआधी हा नियम पाहून घ्यावा. करारातही दंडाचे कलम आधी वाचायचे असते.

आता तयारीकडे वळू. आपली मुले तयारी म्हणजे काय करतात? शब्दांची जाडजूड यादी आणतात आणि पाढ्यांसारखी घोकतात. याला एक जुने कारण आहे. जी.आर.ई.मध्ये पूर्वी विरुद्धार्थी शब्द विचारीत, शब्दांच्या जोड्या लावायला सांगत. ते प्रश्न २०११ साली काढून टाकण्यात आले. आज वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, आणि ती भरण्यासाठी आधी वाक्याचा रोख ओळखावा लागतो. प्रश्न बदलले, घोकंपट्टी मात्र तशीच राहिली. शब्द नकोत असे मी म्हणत नाही. शब्द वाक्यासकट शिकावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी तरुण होतो तेव्हाची गोष्ट आहे. एका कारखान्यातल्या बायकांच्या पगारवाढीचा करार झाला. कागद इंग्रजीत होता. मी तो वाचला, आकडा पाहिला, तारीख पाहिली आणि सही केली. वाढीच्या वाक्याच्या शेपटाला 'सब्जेक्ट टू' असे दोन शब्द होते, आणि त्यांच्यापुढे हजेरीची एक अट. दोन्ही शब्द मला सुटे येत होते. 'सब्जेक्ट' म्हणजे विषय, 'टू' म्हणजे ला. एकत्र आले की त्यांचा अर्थ 'अमुक अटीच्या अधीन राहून' असा होतो, हे मला ठाऊक नव्हते. हंगामी काम करणाऱ्या निम्म्या बायका त्या अटीत बसल्या नाहीत. त्यांच्यातली एक वयस्क बाई मला एवढेच म्हणाली, "दादानू, तुमी कागद नीट वाचललात मां?" मालकाला मी पुष्कळ उत्तरे दिली आहेत. त्या बाईला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्या दिवसापासून मी वाचायला शिकलो.

उतारा हातात आला की मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. हे कोण म्हणत आहे: लेखक स्वतः, की लेखक ज्याला खोडून काढणार आहे तो? वाक्य कुठे वळते? 'बट', 'हाउएव्हर', 'ऑल्दो', 'अनलेस' हे शब्द म्हणजे आडवळणावरच्या पाट्या होत. गाडी तेथे सावकाश घ्यावी. किती म्हटले आहे: सर्व, पुष्कळ, की काही? आणि शेवटी, पुरावा काय दिला आहे? परीक्षेतली चुकीची उत्तरे सहसा उघड खोटी नसतात. ती थोडी जास्त बोलतात. उताऱ्यात 'काही कोळी' असते आणि उत्तरात 'सगळे कोळी' होतात. एरवी खरे असलेले, पण उताऱ्यात नसलेले विधान हेही चुकीचेच उत्तर. मुलांना हे जड जाते, कारण ती आपल्या माहितीवरून उत्तर देतात. आपली माहिती चपलांबरोबर बाहेर ठेवून उताऱ्यात शिरावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणी म्हणाले: "बंदरावर बर्फाचा कारखाना निघाला. त्याच वर्षी मासळीची विक्री वाढली. म्हणून ती वाढ कारखान्यामुळे झाली." हे म्हणणे कशाने लंगडे पडेल? मासळी चविष्ट असते, याने पडणार नाही. बर्फ महाग आहे, यानेही नाही. त्याच वर्षी बंदरापर्यंत नवा रस्ता झाला असे कोणी दाखवले, तर मात्र पडेल. कारण वाढीला दुसरे कारण मिळाले. आता सांगा, यात इंग्रजी कुठे आहे? मासळीबाजारातली कोणतीही बाई हा वाद तुम्हांआम्हांपेक्षा चांगला घालील.

विस्कटलेली वाक्ये लावण्याचा प्रश्नही असाच सोडवता येतो. ज्या वाक्यात 'तो', 'हे', 'म्हणूनच' असे शब्द आहेत, ते सहसा पहिले नसते. 'तो' कोण हे सांगणारे वाक्य त्याच्या आधी शोधावे.

आपल्या माणसांना वादाचा धागा धरता येत नाही, असे मी तरी मानणार नाही. आपण दशावतार पाहत मोठे झालो. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. एकाने मुद्दा टाकावा, दुसऱ्याने त्यातला शब्द धरून तो उलटवावा, आणि समोरच्या निरक्षर आजीने रात्री दोन वाजताही नेमक्या जागी मान डोलवावी! ही समज घरात असलेल्या मुलांनी उताऱ्याला भ्यावे, याचे मला नवल वाटते.

पण खोटा धीर देणे हे संघटकाचे काम नव्हे. आपल्या मुलांची अडचण खरी आहे. समज असते, पण इंग्रजी वाचनाचा वेग नसतो, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. असल्या परीक्षा सर्वांना सारख्या न्यायाने तोलतात असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेत कार्ल ब्रिगॅम नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. परदेशांतून आलेल्या काही समूहांची बुद्धी कमी असते, असे त्यांनी १९२३ साली चाचण्यांच्या आधारे लिहिले. पुढे १९२६ साली तेथे निघालेली 'सॅट' ही प्रवेशपरीक्षा त्यांच्याच देखरेखीखाली घडली. त्याच ब्रिगॅम यांनी १९३० साली आपले आधीचे म्हणणे जाहीरपणे मागे घेतले. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांची तुलना इंग्रजी चाचण्यांवरून करता येत नाही, हे त्यांना पटले होते. तेव्हा कमी गुण पडले म्हणजे डोके कमी, असे कोणी मुलाला म्हणू नये, आणि मुलानेही स्वतःला म्हणू नये. परीक्षेवर टीका करावी. पण तयारी सोडून करू नये. कायदा वाईट आहे म्हणून तो न वाचणारा पुढारी कामगारांना बुडवतो.

वेग वाढवावयाचा कसा, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापीत. मी याच रीतीने शिकलो. एकच बातमी आधी मराठी वर्तमानपत्रात वाचायची, मग इंग्रजी वर्तमानपत्रात. विषय ठाऊक झाला की शब्द आपोआप उलगडतात, आणि शब्दकोश शेवटी उघडावा लागतो. परीक्षेच्या आधी एक वर्ष सुरुवात करावी. पहिले चार महिने रोज एक अग्रलेख वाचावा आणि त्याचे सार मराठीत तीन वाक्यांत लिहावे. पुढचे चार महिने तेच सार इंग्रजीत लिहावे. राहिलेल्या चार महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्या, आणि प्रत्येक चुकीपुढे ती का झाली ते लिहावे: शब्द अडला, वळण सुटले, की उत्तर फार बोलणारे निवडले? महिनाभराने ती वही उघडली की आपला रोग आपल्यालाच दिसतो.

हे एकट्याने कंटाळवाणे होते. रापण एकट्याला ओढता येत नाही. दोन्ही दोरांना गाव लागतो. माझी आपणां सर्वांना विनंती एवढीच, की आपल्या वाचनालयात संध्याकाळी एक टेबल आणि एक दिवा या मुलांसाठी राखून ठेवा. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस तेथे बसावे. बसणाऱ्याला सगळे इंग्रजी आले पाहिजे असे नाही. मुलाने उत्तर दिले की त्याने विचारावे, "हे उताऱ्यात कुठे लिहिले आहे? बोट ठेवून दाखव."

त्या बाईने मला विचारलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता. सही करण्याआधी तो मला कोणी विचारला असता, तर निम्म्या घरांत पैसे पोचले असते. आपल्या मुलांना तो वेळेवर विचारला जावा, म्हणून मी आज येथे उभा राहिलो.