मोटर कधी थांबवायची, हे बोर्डाला कोण सांगणार?

 

आज बोलायचंय प्रोग्रॅमिंगबद्दल. शब्द ऐकून रेडिओ बंद करू नका. आपल्या विहिरीवर ते केव्हाच येऊन बसलंय. मोटरच्या पेटीत 'ऑटो' असतो ना, त्याला एकच गोष्ट ठाऊक असते: लाईट आली की मोटर चालू कर. त्यामुळे रात्री दोनला लाईट आली तरी कुणाला अंधारात विंचूकाट्यातून जावं लागत नाही. पण उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, तरी हा साधा ऑटो मोटर चालूच करतो. मोटर कोरडी फिरते आणि जळते. रिवाइंडिंगचा खर्च बसतो तो वेगळाच, आणि भरणं राहतं. यात ऑटोचा काय दोष? 'पाणी नसेल तर चालू करू नको' हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची यादी. यंत्र सांगितलेलं सगळं करतं, न सांगितलेलं काहीच करत नाही.

या सूचना आपल्या आपण लिहून बघता येतात. त्यासाठी आर्डुइनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड मिळतो. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात तो विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. संगणकावर सूचना लिहायच्या आणि वायरने बोर्डात पाठवायच्या. मग संगणक काढून बॅटरी लावली, तरी त्या बोर्डात राहतात. आपल्याकडेही अशी कामं गावात होतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. २००२ साली तिथे यंत्रं बनवून बघायची फॅब लॅबही उभी राहिली.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, क्रम. आधी कॉक उघडायचा, मग मोटर चालू करायची. उलटं झालं तर पाईप निसटतो. बोर्डही सूचना लिहिल्या त्याच क्रमाने पाळतो.

दुसरी, फेरा. आर्डुइनोत सूचनांचे दोन भाग असतात. 'सेटअप'मधल्या सूचना बोर्ड सुरू होताना एकदाच होतात. 'लूप'मधल्या सूचना जात्यासारख्या फिरत राहतात. शेवटची झाली की पुन्हा पहिली.

तिसरी, नाव दिलेला डबा. याला व्हेरिएबल म्हणतात. मातीत ओल मोजायचा सेन्सर खोचला की आर्डुइनो ऊनो बोर्ड ० ते १०२३ मधला एक आकडा वाचतो. तो 'ओल' नावाच्या डब्यात ठेवायचा. डबा तोच, पण दर फेऱ्याला आतला आकडा बदलतो.

चौथी, जर-तर. जर माती कोरडी असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर मोटर चालू, नाहीतर बंद. मघाच्या ऑटोला कमी पडलं होतं ते हे 'आणि'.

पण 'कोरडी' म्हणजे कितीचा आकडा? ते बोर्डाला माहीत नाही, बोर्ड बनवणाऱ्यालाही नाही. माळावरच्या मुरमाड जमिनीचा आकडा वेगळा, ओढ्याकाठच्या काळीचा वेगळा. काही सेन्सर कोरड्या मातीत मोठा आकडा देतात, काही लहान. म्हणून सेन्सर एकदा वाळल्या मातीत, एकदा भिजल्या मातीत खोचून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. मुठीत माती दाबून पाणी कधी द्यायचं ते सांगणारी बाईच यातला खरा आकडा ठरवू शकते.

शिवाय चालू आणि बंद करायचे आकडे वेगवेगळे ठेवा. एकच ठेवला, तर त्या आकड्याच्या काठावर मोटर सारखी चालू-बंद होत राहते.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. हा बोर्ड पाच व्होल्टचा. मोटरच्या लाईनला तो थेट जोडायचा नाही. सुरुवातीला मोटरऐवजी एक छोटा एलईडी दिवा लावा, सोबत त्याला लागणारा रेझिस्टर. मोटर चालू व्हायला हवी तेव्हा दिवा पेटू दे. आठवडाभर रोज मातीला हात लावून बघा, दिवा खरं सांगतोय का. पुढे मोटरसाठी रिले आणि कॉन्टॅक्टर लागतो. ती जोडणी जाणत्या वायरमननेच करायची.

घरातली पोरगी असा बोर्ड घेऊन बसली, तर 'हे पोरांचं काम' म्हणून उठवू नका. शेजारी बसा. सूचना लिहायच्या कशा हे तिला येईल, काय लिहायचं ते तुम्हाला येतं.

आणि संगणक नसला तरी अडत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मोटरसाठी पाच ओळी मराठीत लिहून आणा. एकीने वाचायच्या, बाकीच्यांनी सांगायचं काय राहिलं. लाईट मध्येच गेली तर? सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तर? तेव्हा मोटर बंद राहिली पाहिजे, हेही त्या यादीत लिहा.