बाळंतपण म्हणजे खाडा नव्हे

(तंजावरला मोडी कागदपत्रांवर काम करायला आलेल्या मराठी संशोधक विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण ज्या गावात बसलो आहोत, तिथल्या सरफोजी राजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं. तंजावरच्या छत्रांची बाजू मांडताना ते सांगतात, की छत्रात एखादी बाई बाळंत झाली तर तिचा खर्च, औषधपाणी छत्र करतं आणि पुढे तीन महिने तिला तिथे राहता येतं. हे वाचलं आणि मला माझी आई आठवली. तिला तीन आठवडेही मिळाले नव्हते.

आई आमच्या तालुक्याच्या गावात एका दवाखान्यात झाडलोट करायची. नऊ वर्षं रोजंदारीवर. माझा धाकटा भाऊ दोन महिन्यांचा असताना दवाखान्याने सफाईचं काम ठेकेदाराला दिलं. नवी यादी लागली. जुन्या अकरा बायकांपैकी सात जणी यादीत होत्या, चौघी नव्हत्या. आई त्या चौघींत होती. मुकादमाने कारण सांगितलं, "हजेरी कमी."

एमएला असताना मी आईजवळ बसून ती अकरा नावं लिहून काढली. गळलेल्या चौघींच्याही कडेवर तेव्हा दोन वर्षांच्या आतलं लेकरू होतं. राहिलेल्या सात जणींपैकी एकीच्याही नव्हतं. हा कोर्टात टिकणारा पुरावा नाही, हे मला कळतं. पण हा योगायोग आहे का, हा प्रश्न विचारायला तेवढं पुरेसं होतं. तो तेव्हा कुणीच विचारला नाही. आई आजही म्हणते, "माझाच खाडा झाला ना."

मला आज या 'खाडा' शब्दावरच बोलायचं आहे.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद होत्या. कमी माणसांकडून जास्त साचे चालवून घ्यायचे, या 'रॅशनलायझेशन'विरुद्धचा तो संप होता. तो चालू असतानाच, २८ जुलैला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. छत्रातले तीन महिने हे दान होतं, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं. बाबासाहेबांनी मागितला तो हक्क.

आज कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. या रजेत बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. मग बाई गळते कुठे?

ती गळते मालक बदलताना. कायद्याची अट अशी आहे, की ज्या मालकाकडे लाभ मागायचा त्याच्याकडे बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. ठेकेदार नवा आला आणि त्याने तुम्हाला 'नवीन भरती' म्हणून घेतलं, की तो मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू करतो. नऊ वर्षं कागदावरून पुसली जातात. ईएसआय भरला जात असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे मालक बदलला तरी आधीची वर्गणी धरली जाते. म्हणून पगारातून ईएसआय कापला जातो का आणि कापलेला भरला जातो का, हे आधी बघा.

ही जुनी गोष्ट नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये याच राज्यात, चेन्नईच्या रिपन बिल्डिंगसमोर सफाई कामगार तेरा दिवस बसले होते. रॉयपुरम आणि तिरु-वि-का नगर या दोन विभागांतलं काम खाजगी कंपनीला देण्याविरुद्ध. त्यांत बहुसंख्य बाया, आणि बहुसंख्य दलित. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचललं. झाडू पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या हातात राहिला हे आपल्याला माहीत आहे. कामाची फेररचना होते तेव्हा पहिला घाव त्याच हातांवर बसतो. त्यातही जिच्या कडेवर पोर आहे, तिच्यावर आधी.

कोणत्याच यादीवर 'आई आहे म्हणून कमी केलं' असं लिहिलेलं नसतं. 'हजेरी', 'रात्रपाळीची तयारी', 'नव्या गरजा' असे शब्द असतात. त्यामुळे यादी लागली की तीन गोष्टी करा. निवडीचे निकष लेखी मागा. कोण राहिलं, कोण गेलं, हे नावानिशी मोजा. आणि हजेरी धरली असेल तर बाळंतपणाची रजा त्यात गैरहजेरी म्हणून धरली का, ते विचारा.

आपल्या घरात कागद वाचणारे आपण पहिले. माझ्या आईला तो हिशोब मांडून द्यायला कुणी नव्हतं. तुमच्या गल्लीत, तुमच्या मावशीच्या दवाखान्यात, तुमच्या वहिनीच्या कंपनीत उद्या यादी लागेल, तेव्हा तुम्ही असाल.

मागच्या दिवाळीत मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या तिघींनाही सांगायला पाहिजे."

जय भीम.