मेद, भूक आणि वर्गातील मूल
(चांदूर रेल्वे येथील प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



वर्गातील एखादे मूल स्थूल असले की त्याला 'जाड्या' हे नाव मिळण्यास फार दिवस लागत नाहीत. नाव ठेवतात मुले. परंतु गुरुजींनी ते एकदा हसून उच्चारले म्हणजे त्यावर शिक्कामोर्तब होते. हे मूल अधाशी व आळशी आहे, असा निकाल त्यात गृहीत धरलेला असतो. शरीरशास्त्राच्या कसोटीस तो निकाल उतरत नाही.

चरबी म्हणजे कणगीत साठविलेले धान्य, अशी जुनी समजूत होती. कणगी मुकी असते; मेद मुका नाही. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी जन्मतः स्थूल होणाऱ्या उंदरांमधील सदोष जनुक १९९४ साली शोधून काढले. हे जनुक निर्दोष असले म्हणजे मेदपेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन म्हणतात. साठा किती आहे याची वर्दी ते मेंदूस देते. साठा घटला की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीर आपला खर्च आवरते. उपास करून उतरविलेले वजन पुन्हा चढते, त्याचे हेही एक कारण होय.

ही वर्दी मुळीच निघाली नाही तर काय होते, ते इंग्लंडमधील एका कुटुंबातील दोन मुलांवरून १९९७ साली कळून आले. त्यांपैकी मुलगी आठ वर्षांची असता ८६ किलो वजनाची होती. पुढे लेप्टिन टोचल्यावर तिची भूक शमली व वर्षभरात १६ किलोंहून अधिक वजन उतरले. अशी उदाहरणे अत्यंत विरळ. बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. मेंदू मात्र त्यास पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे हे औषध सर्वांस लागू पडले नाही. अॅडिपोनेक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाचे उलट आहे. ते इन्शुलिनच्या कार्यास साह्य करते, आणि मेद वाढला की नेमके तेच कमी होते.

आपल्या खेड्यांतील मुले तर काटकुळी. त्यांचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व अर्भकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. उणीव मुख्यतः स्नायूंची व पोटातील अवयवांची होती. पाठीच्या त्वचेखालील मेद मात्र बराचसा टिकून होता. हडकुळे दिसणारे अंग मेदरहित असतेच असे नाही! असे मूल पुढे केवळ मेदाने भरत गेले तर मधुमेहाची वाट सुकर होते.

म्हणून कृश मुलाचा काटा वर सरकला एवढ्यावर समाधान मानू नये. तेलकट व गोड पदार्थांनीही काटा सरकतो. वऱ्हाडात तूर पिकते. तिचे वरण मुलाच्या पानात घट्ट पडते की नुसते पाणी, याची चौकशी पालकसभेत व्हावी. खेळाचा तास गणितासाठी कापण्याची सवयही सोडावी. स्नायू त्या तासातच घडतात. आणि वजनाची नोंद करताना आकडा वर्गापुढे मोठ्याने वाचू नये, मूल कृश असो वा स्थूल.