नाडीवर आपलाही हात हवा

(सीवूड्स येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारासोबत अकरा वर्षे संसार करणारी बाई म्हणून बोलते आहे. संध्याकाळी माझ्या पापण्या आपोआप मिटायच्या, पोळी चावताना जबडा थकायचा. घरचे म्हणायचे आळस, दवाखान्यात म्हणायचे टेन्शन. निदानाला दोन वर्षे लागली. १९८४ साली अमिताभ बच्चन यांना हाच आजार झाला, तेव्हा त्यांना कुणी आळशी म्हटले नाही! तरुण वयात तर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

नस स्नायूला निरोप देते तो असेटिलकोलिन या रसायनातून. या आजारात शरीरच त्या निरोपाची वाट अडवते. पायरिडोस्टिग्मिनची गोळी हे रसायन लवकर नष्ट होऊ देत नाही, म्हणून अंगात जोर येतो. अशा उपचाराची वाट १९३४ साली लंडनमध्ये डॉ. मेरी वॉकर या बाईंनीच दाखवली.

पण हेच रसायन हृदयाला ‘सावकाश चाल’ असेही सांगते. गोळीमुळे पोटात मुरडा, जुलाब होतात. काहींची नाडीही मंदावते. माझा डोस वाढला, त्यातच दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर दिले. तेही नाडी मंद करते, शिवाय या आजारात स्नायू आणखी अशक्त करू शकते. एक दिवस सीवूड्स स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात उत्तर मिळाले, ‘या वयात बायकांना होतेच असे.’ नाडी कुणी मोजलीच नाही. रात्री लेकीने घड्याळ लावून मोजली. मिनिटाला बेचाळीस! लगेच मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी काढला, औषधे बदलली, डोस कमी केला.

म्हणून सांगते. गोळी मनाने बंद करू नका, श्वासाचे स्नायूही तिच्यावर चालतात. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर थांबू नका, ईसीजी मागा. औषधांची यादी पर्समध्ये ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिनसारखी नेहमीची औषधेही हा आजार बळावू शकतात, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला आजाराचे नाव आधी सांगा. आणि ‘टेन्शन’ हे उत्तर तपासणीशिवाय स्वीकारू नका.

स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साधारण साठ ते शंभर असते. चला, आता प्रत्येकीने शेजारणीचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर दोन बोटे ठेवा. मी घड्याळ लावते.